चष्म्यातला माझा निम्मा हिस्सा आणि चौकातला फ्लेक्स

मी, द्वारकाबाई यशवंतराव गलांडे, वय ७१, राहणार इंदापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. सोमवारी हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डोकं ठणठणीत आहे. पाणी परिषदांत ज्यांनी माझी भाषणं सोसली, त्यांना डॉक्टरांचा दाखला लागणार नाही. तरी जोडला आहे.

१. कन्या वृषालीने केलेला चष्मा घातला की डाळिंबाची कोणती फांदी छाटायची, त्याची खूण फांदीवरच दिसते. छाटणी मी शिकवली, यंत्र तिने घडवलं. म्हणून पेटंटच्या अर्जात दोघी निम्म्या-निम्म्या. माझा हिस्सा वृषालीला. तो विकायचा नाही. पेटंटच्या नोंदी मी वर्षभर वाचते आहे. या आभासी दृश्यांच्या तंत्रात कंपन्या आधी पडद्यावर, भिंगावर हक्क मागत. आता नजर कुठे वळते, बोटं कशी मिटतात, यावरही मागतात. उद्या आमच्या बायकांनी कात्री कशी धरावी, याचंही भाडं लावतील!

२. डाळिंबाची बाग दोन्ही मुलांना समान. माझी कात्री सिंधुबाईला, जिने माझ्यासोबत ती बाग राखली.

३. चिरंजीव दिग्विजय. अर्ज दाखल होण्याआधीच त्याने स्वतःच्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लावला. बहिणीचं अभिनंदन, तिच्या दुप्पट स्वतःचा फोटो आणि खाली चष्म्याचा अख्खा आराखडा. त्याच फ्लेक्सचा फोटो दाखवून एका कंपनीने हरकत घेतली: हे आधीच जगजाहीर होतं, पेटंट देऊ नका. आणि तीच कंपनी त्याला म्हणते, आईचा हिस्सा मिळवून द्या, हरकत मागे घेतो.

"आई, विकून मोकळी हो. हितं कोण घालणार हाय चष्मा?"

"फेटा बांधून फ्लेक्सवर हसत हुतास, तवा न्हाय सुचलं हे?"

वकील म्हणतात, आराखडा आम्हा दोघींच्या परवानगीविना लावला हे सिद्ध झालं, तर अर्ज वाचू शकतो. आमचा दोघींचा शब्द पुरणार नाही; ते कबूल करू शकणारा एकटा दिग्विजय. सुनावणी गुरुवारी आहे.

४. इंदापूरचं घर दिग्विजयला, एका अटीवर. वृषालीच्या लॅपटॉपमधला आराखडा न विचारता घेतला, हे त्याने सुनावणीत सांगावं. न सांगितल्यास घर वृषालीचं.

५. फ्लेक्स कडब्याच्या गंजीवर टाकला आहे. तो मात्र बिनशर्त दिग्विजयचा.

बाळा, आयुष्यभर मी बोलले, तू टाळ्या वाजवल्यास. गुरुवारी तू एक वाक्य बोल. ऐकायला मी असेन किंवा नसेन.

सही: द्वारकाबाई यशवंतराव गलांडे
आमच्यासमक्ष सही केली, साक्षीदार:
संजीवनी बिरदेव शिंगाडे, पिंपळी
आबाजी गेणबा खरात, माळेगाव बुद्रुक
इंदापूर, ७ नोव्हेंबर २०२५