तीस फुटी दाजी

२ मार्च
उद्यापासून रोजनिशी, असं तीन महिने चाललंय. आज मुहूर्त लागला, कारण युनियनच्या काकांनी कामच तसं दिलं. दाजी बॉयलरच्या स्फोटात गेले, आणि कंपनी म्हणते हा माणूस आमचा नव्हताच. तेव्हा गेटसमोरच्या भिंतीवर दाजींचा तीस फुटी चेहरा! कंपनीची बोबडी वळेल. ताईने फोटोसाठी त्यांचा गेटपास दिला. तेवढाच पुरावा आहे, जपून वापर कलाकार, म्हणाली. 'कलाकार' ती शिवीसारखं म्हणते.

५ मार्च
सुरुवात नाही. आधी भिंतीवरचा प्रकाश अभ्यासला. समोरच्या कॅरम क्लबातून छान दिसतो.

९ मार्च
ताईचा निरोप, पास परत दे. कळवलं, क्रांती घाईने होत नसते. तिने कळवलं, भरपाईची सुनावणी वीस तारखेला होते.

१४ मार्च
मोठ्ठं काम उरकलं! चित्र मोठं करायचं तर फोटोवर चौकटी आखाव्या लागतात. आखल्या. बॉलपेनने, नंबरासकट. दाजी एकूण अठ्ठेचाळीस चौकटी. दोन रेघा नाव आणि शिक्क्यावरून गेल्या, पण सरळ गेल्या.

१९ मार्च
पास दिला. ताई बघतच राहिली. मग खोडरबर मागितला. बॉलपेन आहे, म्हटलं.

२० मार्च
सुनावणीत साहेबांनी पास उजेडात धरला. खाडाखोड आहे, चालणार नाही, म्हणाले. कंपनीचा वकील हसलासुद्धा नाही. हसला असता तर बरं झालं असतं. ताई घरापर्यंत माझ्यापुढे दहा पावलं चालली. युनियनचे काका म्हणाले, आता भिंतीचं तरी बघ.

२४ मार्च
भिंतीवर अठ्ठेचाळीस चौकटी झाल्या. सतराव्या चौकटीत उजवा डोळा; तेवढी एकच चौकट काढून-पुसून काळी झाली. फोटो ताईकडे. मागायची हिंमत नाही. डोळा आठवत नाही. माझा पहिला ब्रश दाजींनी आणला होता, पगाराच्या दिवशी. ब्रशभोवतीचा कागद सोडतानाची त्यांची बोटं आठवतात. डोळा नाही.

२८ मार्च, सकाळी
पिशवी भरली. इथं माझ्या कलेची कदर नाही. दुसऱ्या शहरात नव्याने... छे. त्या भिंतीसमोरून जाववत नाही, एवढंच खरं आहे. दहाची गाडी.

साडेनऊ. दार वाजलं. युनियनचे काका असतील म्हणून उघडलं, तर ताई. आठ दिवस बोलली नव्हती. अंगात दाजींचा जुना शर्ट, एका हातात रंगाची बादली, दुसऱ्यात तो पास. पिशवीकडे बघितलंच नाही. सतराव्या चौकटीत काय येतं, विचारतेय.