संत्र्या रंगाच्या डॅटसनमधला माझा अर्धा हिस्सा

मृत्युपत्र लिहून ठेवणार : केशव नामदेवराव भुयार, वय एकाहत्तर, पूर्वीचा धंदा मोटारीच्या सुट्या भागांचे दुकान, राहणार अमरावती.

हे मी माझ्या हाताने, माझ्या घरी, सकाळचा चहा पिऊन झाल्यावर लिहीत आहे. दिवाळीआधी नागपूरला माझ्या हृदयाची झडप बदलायची ठरली आहे. म्हणजे बिघाड छातीत आहे, डोक्यात नाही, आणि तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी फूस लावलेली नाही की धाक घातलेला नाही. उलट मुलगा ललित म्हणतो, आत्ताच कशाला, आणि मुलगी रश्मी म्हणते, लिहायचंच असेल तर एका जागी बसून लिहा. एका जागी बसणं मला जमत नाही. दोन ओळी झाल्या की उठतो, फाटकापर्यंत जातो, रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकून परत येतो. त्यामुळे अक्षर कुठे कुठे बदललेलं दिसेल, पण ते माझंच आहे. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर ललित आणि रश्मी यांना सारख्या हिश्शाने द्यावे. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंना घाईने काढू नये, त्यांनी माझ्या पत्नीच्या, मैनाच्या आजारपणात डबे पोचवले आहेत. घराच्या वाटणीवरून भावाबहिणीने भांडू नये. भांडणासाठी मी वेगळी सोय केली आहे, ती खाली येईल.

२. बँकेतल्या ठेवी दोघांना निम्म्या-निम्म्या. माझी पत्नी कै. मैनाबाई हिच्या पाटल्या रश्मीला आणि गोफ सुनेला, हे मैनानेच सांगून ठेवलं होतं. मी फक्त निरोप पोचवतो.

३. आता गाडी. वरची दोन कलमं मी भराभर उरकली, कारण कधी एकदा इथे येतो असं झालं होतं.

जपानी बनावटीची, सन १९७२ची, दोन दारांची, लांब नाकाची डॅटसन २४० झेड, रंग संत्र्याचा. वरुड-मोर्शीच्या संत्राबागांकडच्या माणसाला रंग समजावून सांगायला नको. नैरोबीहून परत आलेल्या एका डॉक्टरांनी ती जहाजाने आणली होती. डॉक्टर गेले, मुलं परदेशात राहिली, आणि गाडी बाळापूरला त्यांच्या नातेवाइकांच्या गोठ्यामागे जाऊन पडली. मी आणि माझे साडू, म्हणजे मैनाच्या धाकट्या बहिणीचे, केशरबाईचे यजमान शेषराव गावंडे, बाळापूरला एका तेरवीला गेलो होतो. पंगतीला वेळ होता म्हणून मागे फेरी मारायला गेलो, तर कपाशीच्या पऱ्हाटीच्या ढिगातून एक गोल दिवा बाहेर आलेला दिसला. काड्या बाजूला केल्या. सीटवर कोंबडी अंडी घालून बसली होती, तिने आम्हाला बराच वेळ शिव्या घातल्या.

मी म्हणालो, "मी घेतो."

शेषराव म्हणाले, "तुमी काहून? पयले मी पायली."

पहिली मी पाहिली होती. शेवटी दोघांनी मिळून घेतली, कारण एकाने घेतलेली दुसऱ्याच्याने बघवली नसती. कागद माझ्या नावावर झाले, कारण त्या दिवशी ओळखपत्र माझ्याच खिशात होतं. याहून मोठं कारण नाही, हे वकिलांनी ध्यानात घ्यावे.

इंजिन जाम झालेलं होतं. शेषरावांचं अकोल्याला जठारपेठेत पाणी ओढायच्या इंजिनांचं वर्कशॉप आहे. त्यांनी सिलिंडरमध्ये तेल सोडलं आणि कोणालाही हात लावू दिला नाही. सगळा पावसाळा मी फोन करून विचारायचो, "फिरलं का?" आणि ते म्हणायचे, "मुरून राहिलं." दसऱ्याच्या सकाळी ते फिरलं. मैना आणि केशर ओवाळायचं ताट घेऊन उभ्या होत्या, पहिल्या आवाजाला केशरच्या हातातून ताट पडलं. मी रडलो. शेषराव आजही म्हणतात की त्यांच्या डोळ्यात फक्त धूर गेला होता.

४. त्याच दिवशी नियम ठरला. दर दसऱ्याला मूर्तिजापूरला गाडीने हात बदलायचा, कारण ते गाव अकोला आणि अमरावतीच्या मध्ये आहे. एक वर्ष त्यांच्याकडे, एक वर्ष माझ्याकडे. ज्याच्याकडे गाडी असेल त्याने वर्षभरात एक सुधारणा करायची आणि काय केली ते सांगायचं नाही. घेणाऱ्याने चालवत घरी न्यायची आणि वाटेत ओळखायचं. पटलं तर ठेवायचं, नाही पटलं तर काढून टाकायचा त्याला पूर्ण अधिकार.

बाळापूरच्या मातीने रेडिएटर चोंदला होता, मी नवा बसवला आणि विजेवरचा पंखा लावला. शेषरावांनी पंखा काढला आणि जुन्याच पंख्याभोवती हवा नीट ओढायला पत्र्याचं कडं ठोकून बसवलं. त्यांनी स्प्रिंगा उंच केल्या. "रस्त्यावरचे गतिरोधक पायले का तुमी?" म्हणाले. मी त्या खाली आणल्या. त्यांनी पुन्हा उंच केल्या, पण अर्ध्याच, आणि ती उंची बरोबर होती. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. मी पुढचे ब्रेक बदलले, त्यांनी मागचे. त्यांचं म्हणणं, जे बनवता येतं ते विकत कशाला घ्यायचं. माझं सुट्या भागांचं दुकान होतं, तेव्हा माझं म्हणणं काय असेल ते सांगायला नको. मूर्तिजापूरच्या हॉटेलात आम्ही इतके भांडायचो की दोघी बहिणी वेगळ्या टेबलावर बसून कचोरी खायच्या. पण गाडी दर वर्षी आदल्या वर्षीपेक्षा बरी चालायची.

एका दसऱ्याला मात्र मला ओळखता येईना. गिअर तसेच, आवाज तसाच, ब्रेक तसेच. घरी पोचलो आणि मैना उतरायला लागली. तिचे गुडघे गेले होते, गाडी खोल, दरवेळी मला बाहेरून जाऊन तिला ओढून काढावं लागायचं. त्या दिवशी मी फिरून तिच्या दाराशी जाईपर्यंत ती अंगणात उभी होती. आत दाराच्या वर एक पितळी दांडी लावलेली होती, बरोबर तिच्या हाताच्या मापाची. त्यासाठी मूळ पत्र्याला भोकं पाडली म्हणून मी शेषरावांना फोनवर वाट्टेल ते बोललो. दांडी काढली नाही. मैनाला जाऊन आता दोन वर्षं होतील, आणि रिकाम्या सीटकडे पाहिलं की मला अजून ती दांडी धरून उतरताना दिसते.

(इथे उठलो होतो.)

५. हे सगळं आत्ताच लिहायचं कारण सांगतो. ललित पुण्याला असतो. चांगला मुलगा आहे, रोज फोन करतो, औषधं विचारतो. जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ त्याच्या ओळखीचे आहेत. गाडी विकण्यासाठी त्याने त्यांना फोटो पाठवले, तर त्यांनी काय काय काढावं लागेल ते सांगितलं. पत्र्याचं कडं, स्प्रिंगा, ब्रेक, आणि आत ती दांडी कसली, असंही विचारलं.

ललित म्हणाला, "बाबा, कारखान्यातून निघाली तशी करून देतील. काचेच्या खोलीत ठेवतील, बाहेर तुमचं नाव लावतील."

"अन चालवतीन कवा?"

"चालवायची नसते बाबा ती आता."

त्या दिवसापासून मला चैन नाही. कागद माझ्या नावावर. मी काही न लिहिता गेलो, तर शेषरावांच्या हातात दाखवायला चिटोरंसुद्धा नाही, आणि गाडी काचेत जाऊन बसेल.

म्हणून तान्ह्या पोळ्याच्या दिवशी रश्मी मला अकोल्याला घेऊन गेली. यंदाचं वर्ष शेषरावांचं आहे. दसऱ्याआधी गाडी बघायला जाणं नियमात बसत नाही, तरी गेलो. गाडी वर्कशॉपच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली होती. बोनेट उघडलं, खाली वाकायची मला मनाई आहे म्हणून रश्मीने खालून पाहिलं. वर्षभरात एक नट फिरलेला नव्हता.

"शेषराव, यंदा काय केलं?"

"काई नाई."

"काहून?"

"करू कोनासाठी? तुमचं हे असं होऊन बसलं. म्या काई लावलं त ते काढाले कोनी पायजे ना. काढनाराच नाई त लावून काय करू?"

"ललित म्हनते इकून टाका."

"टाका मंग," शेषराव म्हणाले आणि ताडपत्री ओढायला लागले.

आम्ही साडू झालो तेव्हापासून माझ्या तोंडून निघालेल्या कोणत्याही गोष्टीला या माणसाने हो म्हटलेलं नाही. मी स्टुलावर बसलो. झडपेची मला इतकी भीती वाटली नव्हती.

रश्मी वनखात्यात आहे, सेमाडोहला असते, मेळघाटच्या घाटात जिप्सी चालवते. मागच्या वर्षी गाडी माझ्याकडे होती तेव्हा तिने ती एकदा चिखलदऱ्याला नेली होती. ती हात पुसत उभी राहिली आणि म्हणाली, "मावसाजी, हे दोन्ही कार्बोरेटर काढून टाका. फ्युएल इंजेक्शन लावून घ्या. चढावर गुदमरते हे."

शेषरावांनी ताडपत्री सोडली. "तुले काय समजते त्यातलं?"

"तुमच्यापेक्षा कमीच. पन घाटात मी गेली होती, तुमी नाई गेले."

"अवं, मंग तुले गिअर टाकता आला नसन!"

"आला. तुमच्या स्प्रिंगा होत्या म्हनून वळनावर हळू जा लागलं."

केशरबाई जेवायला हाका मारून मारून थकल्या. दोघं बोनेटच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांवर ओरडत होते. ताडपत्री खाली पडली होती, ती कोणी उचलली नाही. मी स्टुलावर बसून ऐकत होतो. मला इतकं बरं वाटलं की छातीवर हात ठेवून खात्री करून घेतली.

६. सबब, सदर गाडीतला माझा अर्धा हिस्सा मी एकट्या रश्मीला देत आहे. अटी पुढीलप्रमाणे. गाडी विकू नये. काचेत ठेवू नये. दर दसऱ्याला मूर्तिजापूरला गाडीने हात बदलावा. रश्मीने आपल्या वर्षात एक तरी सुधारणा करावी. शेषरावांनी केलेली न पटल्यास काढून टाकावी, आणि काढताना मावसाजींच्या वयाकडे पाहू नये. उरलेला अर्धा हिस्सा शेषरावांचा पहिल्यापासून आहे, कागदावर नसला तरी, हे मी या लेखाने कबूल करतो.

इंजेक्शनची कल्पना मला स्वतःला पटलेली नाही. गाडी माझ्याकडे असते त्या वर्षी त्या कार्बोरेटरांचा आवाज ऐकल्याशिवाय मला जेवण जात नाही. परंतु माझ्या पश्चात माझी परवानगी लागत नाही.

ललित, तुला कमी दिलं असं मनात आणू नकोस. तू ती नीट जपली असतीस, हे मला माहीत आहे. मला ती जपून ठेवलेली नको आहे. तुला जेव्हा वाटेल तेव्हा ये आणि चालव, पण पेट्रोल भरून परत दे.

७. माझे सगळे पाने, पकडी, जॅक आणि टेस्टर रश्मीला. टॉर्क रेंच शेषरावांकडे आहे. त्यांच्या मते तो त्यांचाच आहे. रश्मीने तो दर दसऱ्याला मागावा. माझी अंत्ययात्रा या गाडीतून काढण्याची हौस कोणी करू नये, मला आडवं होऊन तिच्यात बसता येणार नाही.

८. शेषराव गावंडे यांना या मृत्युपत्राने मी काहीही देत नाही. काहीतरी द्यावं असं फार मनात होतं. पण वकिलांनी सांगितलं, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, आणि मला साक्षीला शेषरावच हवे आहेत. इतकी वर्षं माझं प्रत्येक काम त्यांनीच तपासलं आहे.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. वाचताना दोनदा उठून आलो, तरी बदलावंसं काही वाटलं नाही. खाली दोन साक्षीदारांसमक्ष सही करतो.

केशव नामदेवराव भुयार
अमरावती, दिनांक १४ सप्टेंबर २०२५

साक्षीदार क्रमांक एक :
केशवरावांनी माझ्यासमोर सही केली. ते पूर्ण शुद्धीत होते. खुर्ची देऊनही सही उभ्यानेच केली.
पौर्णिमा वानखडे, निवृत्त मुख्याध्यापिका, शेजारी

साक्षीदार क्रमांक दोन :
भाऊनं मायासमोर सही केली, हे खरं हाय. बाकी मजकूर मले पटला नाई. रश्मीनं इंजेक्शन लावलं त मी काढून फेकीन. यंदाचं काम मायाकून रायलं होतं, ते उद्या सकाळी हातात घेतो. दसऱ्याले गाडी मूर्तिजापूरले आनतो, पोरगी चालवत घरी नेते. पन भाऊ, म्या जे लावीन ते काढाचं काम तुमचं. ऑपरेशन उरकून घ्या अन काढाले तुमीच बसा. पोरीले हात लावू दिला त मले चालनार नाई.
शेषराव गणपतराव गावंडे, जठारपेठ, अकोला