पूर्णेतला वेगळा मासा

सर, परवा मी एका कागदावर सही केली आणि तुमचा मासा गेला. पूर्णेतून तो केव्हाच गेला होता, आता त्याचं नावही गेलं. यापुढे तो वर्धा नदीतल्या माशाच्याच नावानं ओळखला जाईल. हे तुम्हाला सांगायला तुमच्या विद्यार्थ्यांपैकी माशांत हात घालणारी मीच उरले आहे, आणि तीही या उन्हाळ्यात निवृत्त होते आहे. खरं सांगायचं तर आता कंटाळा आला आहे, सर.

आपण अमरावतीहून सकाळच्या एसटीनं निघायचो. एका रविवारी धामणगाव रेल्वेकडे वर्धा नदीवर, पुढच्या रविवारी अकोटच्या रस्त्यावर पूर्णेच्या पुलाखाली. दोन्हीकडे तोच बोटभर मासा, शेपटीपाशी काळा ठिपका. मला तो एकच वाटायचा. तुम्ही खिडकीतून बोट दाखवून सांगायचात, की मधल्या त्या नावापुरत्या उंचवट्याच्या एका बाजूचं पाणी तापीतून पश्चिमेच्या समुद्राला मिळतं, दुसऱ्या बाजूचं गोदावरीतून पूर्वेच्या. लाखो वर्षं दोघांत सोयरीक झाली नाही, तर घराणी वेगळी होणारच. पूर्णेतल्या माशाचा ठिपका चंद्रकोरीसारखा, खवले जरा कमी. तुम्ही ती स्वतंत्र प्रजाती ठरवली, तिला पूर्णेचं नाव दिलं आणि पुढचं सगळं आयुष्य ते नाव सांभाळलं. कुणी शंका काढली की तुमचा डबा तसाच परत घरी जायचा.

एकदा फॉर्मॅलिन संपलं होतं म्हणून पूर्णेतून आणलेले मासे मी स्पिरिटमध्ये ठेवले. दुसऱ्या दिवशी तुम्ही बाटली उजेडात धरलीत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "स्पिरिटमधी रंग उडते, एवढं बी समजत नाही तुले? ठिपकाच नाही राह्यला तर लोकायले काय दाखवू मी?" मी सायकल स्टँडमागे जाऊन रडले. संध्याकाळी तुम्ही तुमचं भिंग माझ्या हातात ठेवून निघून गेलात. माफी मागणं तुम्हाला जमण्यातलं नव्हतं. बाटली मात्र तुम्ही फेकली नाहीत, कपाटात मागच्या रांगेत सरकवलीत.

आता माझ्याकडे अकोल्यात एक मुलगी संशोधन करते. अकोटची आहे, वडिलांचं कापडाचं दुकान आहे, चिकाटी तुमच्यासारखी. तिला तुमच्या माशाचा डीएनए तपासायचा होता. पूर्णेत आम्ही दोन पावसाळे जाळी टाकली, बाहेरून आलेल्या तिलापिया माशाशिवाय फारसं काही येईना. फॉर्मॅलिनमधले तुमचे मासे उपयोगाचे नव्हते, त्यात डीएनए पार तुटून जातो. शेवटी तुमच्या कपाटातली स्पिरिटची ती बाटली अमरावतीहून आणून उघडली. त्यातल्या पांढऱ्याफटक माशांनी सांगितलं, की दोन्ही नद्यांतला मासा एकच. कधीतरी पाण्यानं वाट बदलली असेल आणि मासे इकडचे तिकडे गेले असतील. मला वाईट वाटलं, मी तिला पुन्हा तपासायला लावलं. पुन्हा तेच आलं.

शोधनिबंध माझ्या सहीनं पाठवायच्या आधी ती माझ्या टेबलापाशी घुटमळली. "मॅडम, सरायले वाईट वाटलं असतं का?" मी म्हटलं, अजिबात नाही, सर शास्त्र मानणारे होते, पहिली सही त्यांनीच केली असती. तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. जाताना माझ्यासाठी चहा सांगून गेली.

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून लिहिते. तुम्ही सही केली नसती, सर. तुम्ही मला खोलीबाहेर काढलं असतं आणि महिनाभर बोलला नसता. तिला तेवढं तरी सांगता आलं असतं. पुढचं तिला काय, कुणालाच सांगता येणार नाही. तुम्ही असता, तर मीही सही केली नसती.