आवाज बंद करून

बाबा, तुम्ही गेम खेळायचात. रविवारपासून हे वाक्य मनात घोळवते आहे आणि अजून माझा त्यावर विश्वास बसत नाही.

लालबागची आपली चाळ आता पाडणार. शेजारच्या काकूंना सामान बांधू लागायला गेले होते, तर त्यांनी कपाटातून दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या हातात ठेवलं. माझा ब्रिक गेम! आठवीत मामाने दिलेला, वरून पडणाऱ्या विटा फट न ठेवता रचायचा तो. मी म्हटलं, हा तर बाबांनी फेकून दिला होता. काकू शांतपणे म्हणाल्या, "हो तुझ्या बापाशीचो खेळ. तू शाळेत गेलंस काय हय येवन खेळायचो, आवाज बंद करून."

फेकला तो दिवस मला लख्ख दिसतो. तुमची गिरणी बंद होऊन वर्ष झालेलं, आई कामावर. मी उंबऱ्यात बसून खेळते आहे, गृहपाठ तसाच पडलेला. तुम्ही मागून येता, गेम हिसकावता आणि म्हणता, "बटना दाबून कोणाचा पोट भरूक नाय." मग त्या गेमसकट गॅलरीतून तरातरा निघून जाता. मी रात्री जेवले नाही. तुम्हीही मला समजावलं नाहीत.

पुढे मी पंचवीस वर्षं दादरच्या ऑफिसात संगणकाची बटणंच दाबली, हे सोडा. पण गेम म्हटलं की माझं डोकं फिरतं ते तेव्हापासून. आताचे तर फारच लोचट. जरा थांबलं की फोनवर हाका मारतात, मध्येच जाहिराती दाखवतात. माझ्या लेकीला मात्र तेच बनवायला शिकायचंय. त्याचं कॉलेज आहे म्हणे. प्रवेशाचा फॉर्म माझ्या सहीसाठी टेबलावर पडून होता, शुक्रवार शेवटचा दिवस. मी सरळ सांगितलं, आजोबांनी हे घरात चालू दिलं नसतं. तिने तुम्हाला पाहिलेलंही नाही. "मग आजोबांनाच विचार की," एवढं म्हणाली आणि त्यानंतर माझ्याशी बोलेनाशी झाली.

आणि आता हे. काकू सांगत होत्या, तुम्ही त्यांनाही शिकवायचात. साच्यावरच्या, म्हणजे गिरणीतल्या मागावरच्या, कापडासारखं बघायचं, भोक रवाक नये, म्हणायचात. साच्यासमोर उभं राहायची सवय म्हणून खेळायचातही उभ्यानेच. बाबा, गिरणीबद्दल तुम्ही घरात एक अक्षर काढलं नाहीत. आम्हाला वाटायचं तुम्ही दुपारभर नाक्यावर असता. मला राग यायला हवा होता, पण आधी धक्काच इतका बसला की राग सुचलाच नाही.

घरी येऊन सेलचं झाकण उघडलं. सेल सैल होऊ नयेत म्हणून कागदाची घडी कोंबलेली होती. तिच्यावर तुमचं अक्षर, एकाखाली एक आकडे, जुने खोडलेले. सेल काढले की तो गेम सगळं विसरायचा, म्हणून तुम्ही आपला सर्वांत मोठा स्कोअर लिहून ठेवत होतात. शेवटच्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या आहेत. माझ्या प्रगतिपुस्तकावर सही करताना मारायचात तशाच.

खरं सांगू? लेकीला नाही म्हणायला मला तुमची गरज होती. भीती माझी होती, नाव तुमचं लावलं.

काल फॉर्मवर सही केली. लेकीने दोनदा विचारलं, काय झालं म्हणून. तिला काही सांगितलं नाही. तुम्ही पोरीचा खेळ चोरून खेळायचात, हे तिला सांगायला अजून जीभ रेटत नाही. आणि हे पत्र तरी कुठे पाठवणार?

नवीन सेल घातलेत. तुमच्या आकड्याच्या निम्म्यालाही मी पोचत नाही. लेक बाहेर गेली की खेळते, आवाज बंद करून.