बाही कोणी विणली?

३ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

सोबतच्या पार्सलमध्ये झिपरीच्या स्वेटरची पाठ आणि पुढचे दोन्ही भाग पाठवते आहे. बाह्या नाहीत. कारण सांगते, पण आधी घाबरून जाऊ नका. परवा मी न्हाणीघरात घसरले आणि डावं मनगट मोडून घेतलं. प्लास्टर घातलंय. उजवा हात धड आहे म्हणून पत्र तरी लिहिता येतंय, पण एका हाताने विणायचं कसं ते अजून कोणी शोधून काढलेलं नाही. पहिल्या बाहीची मनगटाकडची बॉर्डर तेवढी झाली होती. ती सुयांसकट टोपलीत पडली आहे आणि येता-जाता माझ्याकडे बघते आहे.

तुमची पोरगी महिनाअखेरीला त्या डोंगरावरच्या वेधशाळेत यंत्रं सांभाळायला जाणार, दोन हिवाळे तिथेच काढणार, आणि मामीने द्यायची काय, तर बिनबाह्यांची बंडी. मला रडूच येतं.

तुमच्या दादांचं तर विचारूच नका. झिपरी शाळेत असल्यापासून यांच्या शेजारी बसून घड्याळं उघडायला शिकली. पुढे दुकान तिच्याच हाती द्यायचं, हे यांनी मनात पक्कं करून टाकलं होतं. तिला विचारायचं तेवढं राहून गेलं. आता ती चालली तर म्हणाले, जायचं तर जा, पण मग परत माझ्या दुकानात येऊ नकोस. शब्द तोंडातून गेला आणि आता तो परत घेणं जिवावर आलंय. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसतात. माझ्याशी बोलायचं तरी ते भिंग काढत नाहीत.

स्वतःला जपा. माया आहे ती अशीच पातळ न होता राहू द्या.

तुमची,
वहिनी


९ नोव्हेंबर

ती. वहिनींना,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. मनगटाचं वाचलं. तुम्हाला कितीदा सांगितलं, ओल्या फरशीवर घाई करू नका, पण तुम्ही म्हणजे वारा प्यायलेलं वासरू.

तिन्ही भाग ओल्या पंच्यावर ताणून, टाचण्या लावून वाळवले. खांदे जोडले. तुमचा हात म्हणजे हात आहे हो, एक टाका इकडचा तिकडे नाही. आपली वाटणी देवाने बरी केली आहे. तुम्ही विणायचं आणि मी जोडायचं. मला सुया धरता येत नाहीत आणि तुम्हाला शिवण दिसली की डोकं दुखतं. गळ्याला क्रोशाची बारीक कड घेते आहे. बाह्यांची चिंता नको, इथे एक यंत्रावर विणणारी बाई आहे, तिच्याकडून काढून घेईन. तुमच्या विणीशी जुळणार नाहीत, पण थंडी तर अडेल.

मला खरी काळजी दुसरीच आहे. झिपरीला म्हटलं, निघायच्या आधी मामाला भेटून ये. तर म्हणाली, मामाने स्वतः एकदा बोलावू दे, असेन तशी धावत जाईन, पण न बोलावता जायची नाही, कारण येऊ नकोस हे त्याने सांगितलंय. मामाची भाची, दुसरं काय. दोघांच्याही नाकावर माशी बसत नाही. वहिनी, बर्फ पडलं की वरचा रस्ता बंद होतो आणि मग वितळेपर्यंत पत्रसुद्धा वर जात नाही. हिचे वडील गेले तेव्हा ही एवढीशी होती. तेव्हापासून बाप म्हणून तिने दादाकडेच पाहिलंय. अशी न बोलता निघून गेली, तर दोघंही तो सगळा काळ आतल्या आत कुढत काढतील. माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही.

हाताला विश्रांती द्या. आमच्यावरचा लोभ मात्र विश्रांतीला पाठवू नका.

तुमची,
धाकटी नणंद


१४ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

आमच्या घरात भूत शिरलंय आणि त्याला विणता येतं.

थट्टा नाही करत. यंत्रवाल्या बाईला सांगू नका, आधी हे वाचा. मी मनगट दाखवायला दवाखान्यात गेले होते. परत येऊन टोपलीत हात घातला, तर बाहीची बॉर्डर संपून वर वीतभर वीण चढलेली. मला वाटलं, दुखण्याच्या गोळ्यांनी मला भ्रम होतोय. दुसऱ्या दिवशी दुपारी जरा लवंडले, उठून बघते तर आणखी वाढलेली. आता बोला.

पहिला संशय वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंवर, कारण आपली दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते. त्यांना आडून आडून विचारलं, तर म्हणाल्या, अहो, मला बटण लावता येत नाही. घरकामाच्या बाई म्हणाल्या, मला तेवढी सवड असती तर मी माझंच काही केलं असतं. तेही खरंच. शेवटी यांना सांगितलं. यांनी मान वर न करता सांगितलं की लोकर तुझी, सुया तुझ्या, मला काय विचारतेस. मग बऱ्याच वेळाने, काही संबंध नसताना, विचारतात काय, तर त्या वेधशाळेत खोल्यांतून शेगड्या आहेत का आणि ती यंत्रं आत असतात की बाहेर उघड्यावर. मी म्हटलं, बहिणीला पत्र घालून विचारा. लगेच भिंग पुन्हा डोळ्याला.

तर ती बाही आज पूर्ण झाली आहे. टाकेसुद्धा बंद केले आहेत. दुसरीची बॉर्डरही सुयांवर दिसते. पहिली पाठवते आहे. तुमची नजर तीक्ष्ण, तुम्हीच ओळखा हा कोणाचा हात. मी दाराला कान लावून लावून दमले.

उत्तर लवकर धाडा. नाहीतर उत्सुकतेने माझं दुसरं मनगटही मोडेल.

तुमची,
वहिनी


१९ नोव्हेंबर

ती. वहिनींना,
शि. सा. न. वि. वि.

बाही मिळाली. उजेडात, खिडकीपाशी, उलटून पालटून पाहिली. आता मी काय सांगते ते बसून वाचा. हातात गरम काही असेल तर खाली ठेवा.

बॉर्डर तुमची, हे आंधळाही सांगेल. पण तिच्यावरची वीण पाहिली का नीट? एका ओळीआड प्रत्येक टाक्याला पीळ पडलाय. तुमचा टाका पाय मोकळे सोडून बसतो, याचा पायावर पाय टाकून. त्यामुळे वीण घट्ट झालीय, आणि बाही अंगाला अरुंद. वर लांबीला चार बोटं जास्तच. झिपरीच्या हाताशी धरली तर बोटांच्या टोकांपर्यंत आली. माझा नियम तुम्हाला ठाऊक आहे, चुकलेला तुकडा मी जोडत नाही, उसवते. कात्री हातात घेतली होती. तेवढ्यात वाटलं, हा पीळ आपण कुठेतरी पाहिलाय.

कपाटातून आईने विणलेली माझी लहानपणीची टोपी काढली. तोच पीळ. उलट टाका घेताना आई लोकर सुईवरून न घेता खालून घ्यायची. तिला तसंच कोणी शिकवलं असणार. आजूबाजूच्या बायका हसायच्या, पण तिने बदललं नाही. म्हणजे हा हात आईकडे शिकलेल्याचा. आणि आईकडे शिकलं कोण? मी तर सुया दिसल्या की अंगणात पळायचे.

वहिनी, दादाचा पाय मोडला होता ना लहानपणी, तो किती महिने खाटेवर होता. तेव्हा आईने त्याला बसल्या बसल्या विणायला शिकवलं होतं. मला अंधुक आठवतं, मी लोकरीचा गुंडा धरून खाटेखाली बसायचे. मग एकदा त्याचे शाळेतले मित्र भेटायला आले आणि त्यांनी असं काही चिडवलं, की त्याने सुया, लोकर, सगळं कपाटामागे फेकून दिलं. पुन्हा त्याने सुईला हात लावलेला मी पाहिला नाही, आणि घरात कोणी विषयही काढला नाही.

तुमचं भूत दुकानात बसतं हो. डोळ्याला भिंग लावून.

पण त्याला एक अक्षर बोलू नका. आपल्याला समजलंय हे कळलं तर तो दुसरी बाही तिथल्या तिथे सोडून देईल. झिपरीलाही मी सांगितलेलं नाही.

तुमची,
हसावं की रडावं न कळणारी नणंद


२२ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं. बसून वाचा म्हणालात ते बरं झालं. एवढा संसार झाला आमचा. यांना मीठ किती लागतं, कुठल्या कुशीवर झोप लागते, सगळं मला पाठ. आणि हे ठाऊक नाही. खरं सांगू, आधी रागच आला. इतकी वर्षं मी यांच्या समोर बसून विणते आहे. कधी एका शब्दाने म्हणू नये, की दे, चार ओळी मी घालतो?

मग राहवेना. दुपारी शिक्षिकाबाईंकडे जाते म्हणून निघाले आणि मागच्या बोळातून दुकानाच्या खिडकीशी गेले. पुढचं दार बंद, दारावर ‘थोड्या वेळात येतो’ची पाटी. आत हे स्टुलावर, भिंग डोळ्याला, जीभ किंचित बाहेर, आणि बाही विणताहेत. तोंडाने टाके मोजत होते. इतक्यात दुकानातली सगळी घड्याळं एकदम वाजायला लागली आणि यांचा हिशेब चुकला. घड्याळांकडे असं काही रागाने पाहिलं म्हणता. मग निमूट ती ओळ उसवली आणि पुन्हा सुरू केली. माझा राग तिथेच विरघळला. पदर तोंडात कोंबून हसले आणि तशीच मागच्या मागे परतले.

दुसरी बाही सोबत आहे. सकाळी टोपलीत घडी करून ठेवलेली सापडली. काल जेवताना मात्र एकदम म्हणाले, की जो कोणी विणत असेल त्याला मापाचं कळत नाही असं धाकटीला वाटेल, पण तिला म्हणावं, उसवू नकोस. मी मान डोलावली आणि भात वाढला.

पण वन्सं, बाही विणली म्हणजे बोलावलं असं नाही. दोन सोडून दहा बाह्या विणतील, तोंड म्हणून उघडणार नाहीत. दिवस उरले किती? आता तुम्हीच डोकं चालवा. एक गोष्ट सांगून ठेवते. पोस्टमन टपाल दुकानात देतो. माझ्या बंद पाकिटाला हे कधी हात लावत नाहीत, पण पोस्टकार्ड आलं की दोन्ही बाजूंनी वाचून काढतात. उघडं आहे ते सगळ्यांचं, असं यांचं म्हणणं.

तुमच्या अकलेवर भरवसा ठेवून,
वहिनी


२४ नोव्हेंबर
(पोस्टकार्ड)

ती. वहिनींना,
शि. सा. न. वि. वि.

दुसरी बाही पोचली. कळवण्यास वाईट वाटते की दोन्ही बाह्या खांद्याच्या घेरात बसत नाहीत, फार अरुंद आहेत. शिवाय लांबीला नको तेवढ्या जास्त. ज्या कोणी विणल्या त्यांनी श्रम घेतले, त्याबद्दल आभार, पण माझ्याने अशा जोडवत नाहीत. उद्या उसवून टाकते. यंत्रवाल्या बाईकडून तयार बाह्या आणून लावेन. झिपरी तीस तारखेला इथूनच परस्पर निघेल. दादाला नमस्कार सांगा.

आपली,
धाकटी नणंद


२६ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वहिनीचा हात प्लास्टरमध्ये असल्यामुळे तिच्या वतीने मी लिहीत आहे. ती उजव्या हाताने लिहिते हे मला माहीत आहे. ते असो.

तुझं कार्ड वाचलं. बाह्या उसवल्या असशील तर पुढचं वाचू नकोस. नसशील तर कात्री खाली ठेव. अरुंद झाल्या हे मान्य. हात घट्ट पडला, सवय नव्हती. पण त्याला उपाय आहे. काखेत दोन्हीकडे पट्टी घाल, तुला क्रोशाने घालता येईल. किती रुंद ते मात्र पत्रातून सांगता येणार नाही. वस्तू समोर नसताना मी आजवर एकही दुरुस्ती केलेली नाही. स्वेटर अंगात घालून माणूस पुढ्यात उभं राहिलं पाहिजे, तेव्हाच ताण कुठे येतो ते दिसेल.

लांबीला हात लावायचा नाही. ती चुकून झालेली नाही. यंत्राचा बारीक स्क्रू हातमोजा घालून फिरवता येत नाही, मोजा काढावाच लागतो. तिथली यंत्रं बाहेर उघड्यावर असतात, हे मी वेधशाळेत काम करून आलेल्या एका गिऱ्हाइकाला विचारून घेतलं. बाही लांब असली की बोटांवर ओढून घेता येते, टोकं तेवढी उघडी राहतात. तिची बोटं चांगली आहेत. इतकी चांगली बोटं मी दुसऱ्या कोणाची पाहिली नाहीत. ती थंडीने बधिर होऊन जाऊ नयेत, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मी रागावलोय असं तुम्हा सगळ्यांना वाटतं. रागावलो नव्हतो. मला भीती वाटली. ती गेली की शेजारच्या स्टुलावर कोण बसणार, याची आधी वाटली, म्हणजे स्वतःचीच. तिची मग वाटली. त्या भरात नको ते बोललो. चुकलं माझं.

यापुढचं झिपरीसाठी आहे, तिला दे.

झिपरे, मामा बोलावतोय. ये.

वाट पाहणारा,
दादा