दोरी मी कापली आहे

पप्पा,

नाताळच्या बिस्किटांच्या डब्याची दोरी मी कालच कापली. आज बाराच तारीख आहे हे मला कळतं. चोवीसच्या संध्याकाळआधी डब्याला हात लावायचा नाही, हा तुमचा कायदा जन्मभर पाळला, तेव्हा आता आरडाओरडा नको.

मी आईकडे हॉस्पिटलात चालले आहे. डब्यात सफरचंदाची फोड ठेवली होती, त्यामुळे बिस्किटं छान मऊ पडली आहेत, तिला चावता येतील. तेवढी रंगवायची राहिली आहेत, ती तुम्ही रंगवा. सोपं आहे. पिठीसाखरेत लिंबाचा रस थेंबाथेंबाने घालायचा, चमच्यावरून सावकाश ओघळेल इतकंच पातळ करायचं, मग खायचा रंग मिसळायचा. चांदण्या पिवळ्या, घंटा लाल. रंग कडेबाहेर गेला तर जाऊ दे. इतकी वर्षं तिच्या रंगवण्याला नावं ठेवलीत, एकदा तिलाही तुमच्या चांदण्यांना हसू दे.

काल डॉक्टरांनी बोलावलं तेव्हा तुम्ही खाली गाडीतच बसून राहिलात. परत येताना विचारलंही नाहीत, आणि माझ्याच्याने सांगवलं नाही. म्हणून लिहिते. ते म्हणाले, चोवीस तारखेची वाट बघू नका.

रंग वाळायला तासभर लागतो. चारपर्यंत बिस्किटं घेऊन या, तेव्हा आई जागी असते. या वेळी वर यायचं, पप्पा.

आणि डबा पुन्हा बांधू नका.

रीके