काचेच्या तंबूतला जावई

आदरणीय भोमसिंहजी,

खम्मा घणी. जय माताजीची. तुमचा गुडघा आता काय म्हणतो? भाभीसांच्या डोळ्याचं काम आटोपलं का? दगडाच्या गाड्या वेळेवर सुटतात ना? आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, पण मी खुशाल आहे की नाही हे माझं मलाच कळेनासं झालंय. तुमची बहीण मात्र खुशाल असावी. असावी म्हणतो, कारण कालपासून सुगन मला लांबूनच दिसते.

मी तुमच्या जैसलमेरपासून तासाभरावर, नॅशनल पार्कच्या कुंपणाला लागून एका तंबूत बसलोय. (इथं फोनला रेंज नाही, म्हणून हे पत्र कॅम्पच्या जीपबरोबर धाडतो.) तुमच्या भाच्यानं, हणवंतनं, लग्नाला सव्वीस वर्षं झाली म्हणून आम्हा दोघांना तीन दिवस इथं पाठवलं. तंबू म्हणे! वर काचेचं छप्पर, आत आंघोळीचा टब, पलंगावर टॉवेलचे दोन राजहंस चोचीला चोच लावून बसलेले. (सुगननं आल्याआल्या ते उलगडले आणि नीट घडी करून कपाटात ठेवले.) मला या थाटाची हौस नव्हती. मला एकांत हवा होता. जोधपूरचं आमचं घर तुम्ही पाहिलंय. सतरा माणसं. इतक्या वर्षांत मी बायकोशी बोललो ते दळण, औषधं आणि पाण्याचा टँकर एवढ्यावरच. आणि आता तिला एक गोष्ट विचारायची होती. पाणीखात्यानं बढती देऊन मला बांसवाड्याला टाकलंय, हो की नाही ते सोमवारी कळवायचंय. सुगन येईल का माझ्याबरोबर? दोनच खोल्या, दोघंच. घरात विचारलं असतं तर सगळ्यांनी उत्तरं दिली असती, तिनं सोडून. म्हणून इथं विचारायचं ठरवलं.

पहिल्या संध्याकाळी गाणं होतं. सवाईखां नावाचा मांगणियार गवई गात होता आणि पाहुण्यांना विचारून त्यांची नावंगावं गाण्यात गुंफत होता. माझी पाळी आली. सुगननं कोपरखळी मारली, म्हणजे गप्प बसा. पण मला काय अवदसा आठवली कोण जाणे, छाती पुढं काढून म्हणालो, "खेजडसरच्या भाटींचा जावई!" झालं. सवाईखांनं गज थांबवून हातातला कमायचा खाली ठेवला. तुमच्या दारी गाणाऱ्यांच्याच घरातला निघाला तो! (हे मला आधी कुणी सांगायला नको?) उठून सुगनपुढं वाकला आणि म्हणाला, "बाईसा, तुम्ही? माहेरच्या वेशीवर येऊन तंबूत?" मी म्हणालो, अरे बाबा, आम्ही फिरायला आलोय. तो म्हणाला, "फिरायला? स्वतःच्याच गावाबाहेर?" मग जावयाचा मान म्हणून तो आणि त्याचे दोन भाऊ तंबूच्या दाराशी बसून पहाटेपर्यंत गायले. अशा गाण्यात बांसवाडा कुठं काढायचा?

काल सकाळी खेजडसरहून दोन ट्रॅक्टर आले. काकीसा, मामीसा आणि इतर बायांनी सुगनला पलीकडच्या तंबूत नेलं. माहेरच्या वडीलधाऱ्यांसमोर लेक नवऱ्याशेजारी बसत नाही, हे तुम्हाला मी काय सांगू! माझ्या तंबूत आले तुमचे जोगराजकाका आणि पाच बुजुर्ग. या क्षणी त्या गुलाबपाकळ्यांच्या पलंगावर काका घोरताहेत. जेवणाचं तर विचारूच नका. सहाजण स्वतःच्या हातानं लापशीचा घास भरवतात, नको म्हटलं की, "का हो पावणा, आमच्या हातचं कडू लागतं का?" मी खातो. पँटचं बटण कालच गेलं.

काल दुपारी वाटलं, पार्कमध्ये पक्षी बघायला जाताना तरी जीपमध्ये बोलता येईल. कसचं काय! माझ्या जीपमध्ये सहा पगड्या, ती मागच्या जीपमध्ये बायांत. माळढोक दिसला. मोकळ्या माळावर डौलात उभा, आसपास एकही काकासासरा नाही. वनरक्षक कळवळून सांगत होता की हे आता फार थोडे उरलेत. मला मेल्याचा हेवा वाटला.

शेवटी राहवेना, म्हणून आज सकाळी सवाईखांला बाजूला घेऊन बांसवाड्याचं सगळं सांगून टाकलं. पोटात ठेव म्हटलं. त्यानं गळ्याला हात लावून शपथ घेतली. तेवढंच जरा हलकं वाटलं.

घरी मोठ्यांना मुजरा, लेकरांना आशीर्वाद.

आपला,
खंगारसिंह

ता. क. पत्र खरं तर यासाठी. तुम्ही भाऊ. तुम्हाला बायांच्या तंबूत कोण अडवणार? जीप घेऊन या, सुगनला बाजूला घ्या आणि बांसवाड्याला येशील का एवढं विचारा. मी विचारायला सांगितलं असं मात्र म्हणू नका.

ता. क. २. जीपवाला जेवतोय, म्हणून पत्र अजून इथंच. घात झाला! जेवणाच्या पंगतीत सवाईखांनं नवं गाणं काढलं: पावणा बाईसाला बांसवाड्याला नेणार, बाईसा हो म्हणेल का? (मी जाब विचारला तर अदबीनं म्हणतो, "हुकुम, यजमानाच्या घरची शुभवार्ता गायची नाही तर मग गायचं काय?") काका खाडकन जागे झाले. बांसवाड्याला पाऊस फार, यावर बुजुर्गांची चर्चा सुरू झाली. पलीकडच्या तंबूतलं हसणं मात्र एकदम थांबलं.

ता. क. ३. सुगन आली होती. भर उन्हात, सगळ्यांच्या देखत, सरळ माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "सगळ्या गावाला विचारून झालं. मला कधी विचारणार?" तिचे डोळे भरले होते. मला फार लाज वाटली हो. सहाही पगड्या खाली वाकून वाळू न्याहाळू लागल्या. मी उठलो आणि विचारलं. मोठ्यानं विचारलं, कारण हळू आवाज निघेचना. ती म्हणाली, "सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मला काही विचारलंत. आता मला जरा विचार करू द्या." आणि तिथंच, तंबूबाहेरच्या माझ्या खाटेवर, माझ्या शेजारी बसली. विचार करतेय. हो की नाही, मला काही कळत नाही.

काकांनी तुम्हालाही बोलावणं धाडलंय असं आत्ता समजलं. म्हणून जीपवाल्याला जेवणावरून उठवून पत्र देतोय. हात जोडतो भोमसिंहजी, येऊ नका. इथल्या पगड्या वाळू न्याहाळत न पाहिल्यासारखं करताहेत, पण तुम्ही थोरले भाऊ. तुम्ही आलात तर तिला उठावं लागेल.